अवसेची भाकरी

"वरच्या पोरीला कालचा भात वाढ. ताजा नको."

हे मी जिन्यात ऐकलं. पाण्याची बाटली घेऊन खाली निघाले होते, तिथेच थांबले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. कुकर नुकताच उघडला असावा. नव्या इंद्रायणी तांदळाचा चिकट, गोडसर वास जिन्यात भरला होता. आतून घरमालकिणीच्या सुनेचा, रूपालीवहिनींचा, दबका आवाज आला, "नानी, बरं दिसतंय का? जेवणाचे पैसे देती ती."

"दिसू दे कसं बी. कालचाच वाढ. आन् आधी भाजी दे तिला, भात मागनं."

मी बाटली न भरताच वर गेले. लवळ्याच्या या घरात राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. टेकडीवरच्या कॅम्पसमध्ये माझा दोन वर्षांचा कोर्स होता आणि हॉस्टेल सोडून मी मुद्दाम गावात खोली घेतली होती. त्या संध्याकाळी ताट आलं. मेथीची भाजी भरपूर, आमटी, काकडी, आणि एका कोपऱ्यात फोडणी दिलेला शिळा भात. मी जेवले, कारण मला वेळेवर जेवावंच लागतं. पण रिकामं ताट देताना वहिनींकडे बघितलं नाही. दुसरी खोली शोधायची, एवढं मनात ठरवून टाकलं. भांडण माझ्या स्वभावात नाही. जे बोलायचं ते मी आधी मनात इंग्रजीत नीट मांडते, आणि त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

दोन-तीन दिवसांनी भाडं द्यायला खाली गेले तेव्हा घरातली मंडळी जेवत होती. नानीच्या मुलाच्या ताटात वाफाळता भात होता आणि नानी फ्रिजमधला गार भात आमटीत कालवून खात होती. मी बघतेय हे तिने पाहिलं.

"बघतीस काय? गार झालेला भात हळू चढतो. मी मोजलंय."

कुठे चढतो, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला शुगर असावी, म्हणून ती गार भात खाते, इतपत मला समजलं. तोच भात मला का, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

नानी साठीच्या पुढची, उंच, वाळलेली बाई. तिच्या वयाच्या गल्लीतल्या बायका गाऊनवर टॉवेल टाकून दुकानात जायच्या. नानी शेवटपर्यंत नऊवारीत. नऊवारीतल्या इतर बायका कनवटीला मिश्रीची डबी खोचतात, नानी शुगर बघायचं मशीन खोचायची. घरची जमीन होती. खालची विकून वर या खोल्या बांधल्या होत्या आणि टेकडीच्या बाजूचा तुकडा अजून भातासाठी ठेवला होता. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचे. मनात ती 'ती' कधी झाली, ते मला सांगता येणार नाही.

अन्नाकडे बघायची तिची स्वतःची एक रीत होती. गोड, तिखट, पचायला जड, असे भेद ती करतच नसे. खाल्लेलं अन्न रक्तात कसं चालतं, यावरून ती त्याला ओळखायची. "पोहे पळत्यात," ती सांगायची. "साबुदाणा तर घोड्यावर बसून जातो. शेंगदाणा बसून ऱ्हातो. वरणाचा हात धरला तर भात जरा दमानं चालतो, एकटा सोडला की पळाला." खाऊन झालं की ती अंगणात फेऱ्या मारायची आणि मग बोट टोचून आकडा बघायची. चौथीपर्यंत शिकलेली होती; मशीनवरचा आकडा ती एकेक करून वाचायची, "एक, सात, दोन." मला एकशे बहात्तर म्हणायला एक क्षण जास्त लागायचा, कारण मी वन सेव्हन्टी-टूवरून मराठीत यायचे. त्यावरून ती मला चिडवायची. "येवढी शिकलीस, आन् बहात्तर येत न्हाई व्हय तुला?"

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. गुळावर तिचा अंधविश्वास होता. गूळ काळा असतो, औषधी असतो, त्याने काही होत नाही, असं ती छातीठोक सांगायची आणि चहात साखरेऐवजी गुळाचा खडा टाकायची. मशीनने उलटं सांगितलं की मशीनची बॅटरी उतरली म्हणायची. चहाबरोबरची खारीही तिच्या हिशेबात नव्हती, कारण ती गोड लागत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. कुठल्या घासात किती कार्बोहायड्रेट, याचा अंदाज मी लहानपणापासून मनातल्या मनात करत आलेय. पण मी गप्प बसायचे. मला हे कसं माहीत, असं कुणी विचारू नये म्हणून.

कारण मला सातव्या वर्षापासून मधुमेह आहे. म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांवर राहतो तो नव्हे. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते दर जेवणाआधी टोचून घ्यावं लागतं. शाळेत हे फक्त एका बाईंना माहीत होतं. पुढे कुणालाच नाही. आईचं म्हणणं होतं, आणि फोनवर ती ते दर आठवड्याला पुन्हा म्हणायची, की लग्न होईपर्यंत हे बाहेर जायला नको. हॉस्टेल नको म्हणाले ते याचसाठी. इथे नानीच्या फ्रिजच्या दारात मी एक छोटा स्टीलचा डबा ठेवला होता. डोळ्यांचं औषध आहे, गार ठेवावं लागतं, असं सांगितलं होतं. नानीने डबा हातात घेतला, उघडला नाही, आणि भाज्यांपासून लांब, दाराच्याच वरच्या कप्प्यात नीट ठेवला. "हितं बर्फ धरत न्हाई," एवढंच म्हणाली.

रोज सकाळी ती जिन्याच्या तळाशी येऊन हाक मारायची, "उठलीस का गं?" मी ओ देईपर्यंत तिथून हलायची नाही. मला ते नकोसं व्हायचं. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. ती पावलं न वाजवता वर आली आणि तिने दारावर थाप मारली. दार उघडलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. "आवाज देत जा," ती म्हणाली आणि खाली गेली. वहिनी नंतर मला हळूच म्हणाल्या, "त्यांचं असंच हाय, ताई. मनावर घेऊ नका. माझं लग्न झालं तवा मला बी येऊन बघायच्या, मी झोपलीय का काय."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी मी कॅम्पसवरून रिक्षाने आले. कॅन्टीनमध्ये जेवणाआधी इंजेक्शन घेतलं होतं, पण वर्गाचं काम निघालं आणि जेवण तसंच राहिलं. रिक्षातच हात थरथरायला लागले. उतरले तेव्हा घाम फुटला होता आणि घराचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते मला सुचेना. नानी ओट्यावर पावटे सोलत बसली होती. मी ओट्याला टेकून काहीतरी बरळले. तिने मला बघितलं आणि उठली. काही विचारलं नाही, कुणाला हाक मारली नाही. आत जाऊन मूठभर साखर आणली, माझी हनुवटी धरली आणि बोटांनी साखर गालात घातली.

"चावत बसू नको. गिळ. वरनं पाणी घे."

साखर उतरत होती तोवर तिने माझं मनगट सोडलं नाही. हात थरथरायचा थांबल्यावर नाचणीची अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. "साखर पळत येती आन् पळत जाती. तिच्या मागं कुणीतरी बसणारं लागतंय. खा." मी खाल्लं. मग ती पुन्हा पावट्यांकडे वळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती टोचलं हुतंस?"

मी चटणीची वाटी बोटाने पुसत राहिले.

"डोळ्याचं औषध कुणी जेवायच्या आधी घेत न्हाई, पोरी." शेंग मोडल्याचा आवाज आला. "मी कुणाला सांगणार न्हाई. पर मला सांगत जा, किती आन् कवा."

गार भात मला का, ते तेव्हा कळलं. डबा न उघडता तिला सगळं कसं कळलं, ते मात्र कळलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या दोघींचा एक उद्योगच सुरू झाला. दुपारी वहिनी आडव्या झाल्या की नानी आणि मी एकच पदार्थ, एकाच मापाचा खायचो आणि दोन तासांनी आपापलं बोट टोचायचो. तिचं रक्त वेगळं, माझं वेगळं, माझ्यात टोचलेलं औषध. तरी कोण पळतं आणि कोण बसतं हे दोघींनाही दिसायचं. गुळाचा निकाल असा एका दुपारी लागला. तिने मशीन हलवून बघितलं, माझ्या मशीनवर पुन्हा टोचलं, आणि मग गुळाची ढेप उचलून मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. "लबाड," ती म्हणाली. ते गुळाला होतं.

तांदळाच्या भाकरीच्या दिवशी मात्र ती हसली नाही. इथे मुळशीत भाकरी तांदळाची. पांढरी, मऊ, पातळ. भात आणि भाकरी एका ताटात असतात आणि कुणाला त्यात एकच धान्य दोनदा आलंय असं वाटत नाही. मी म्हणाले, "नानी, ही पण भातासारखीच चढेल." ती म्हणाली, "ते मला ठावं हाय. तू बघ, माझं बघून झालंय." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "डाक्टर म्हनला, भात बंद करा, भाकरी द्या. आमी भाकरी दिली. चार-चार दिली, भात न्हाई म्हणून. त्यो शहरातला, त्याच्या डोळ्याम्होरं जवारीची. आमच्या घरात जवारी हुतीच कुटं?"

कुणाला दिली, असं मी विचारेपर्यंत ती परात उचलून मोरीत गेली होती.

ते मला गिरणीत कळलं. वहिनींना बरं नव्हतं म्हणून नाचणी दळायला मी गेले होते. माझ्यापुढे दोन बायका होत्या. गिरणीच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि मला मराठी येत नसावं असा माझ्या कपड्यांवरून त्यांचा समज असावा.

"नानीच्या घरची नाचणी ही. अवस आली न्हवं."

"तिची तऱ्हाच न्यारी. दहीभाताचा निवद दावायचा सोडून भाकरी ठेवती."

"आशीला भात चालत न्हाई म्हनं."

"भुताला काय चालतंय आन् काय न्हाई." दुसरी हसली. मग दोघींनी एकदम डोक्यावरून पदर घेतला.

आशा ही नानीची मुलगी. लग्नानंतर वर्षाच्या आत गेली. गावाबाहेर तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर ती उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मागते, असं गावात मानतात. सुना-मुलींना तिन्हीसांजेला तिथून जाऊ देत नाहीत. मी तिथूनच रोज रिक्षा पकडायचे. तिथे आता मोमोची गाडी लागते, झेरॉक्सचं दुकान आहे, आणि टेकडीवरची मुलं कानात इअरफोन घालून बसची वाट बघतात.

त्या अवसेला संध्याकाळी मी कॅम्पसवरून उतरले तेव्हा नानी तिथे होती. मोमोवाल्याने गाडी हातभर पलीकडे सरकवली होती. त्याला ते कुणी सांगितलं असेल असं वाटलं नाही. विजेच्या खांबामागे नानीने केळीचं पान ठेवलं. पानावर हळद-कुंकू होतं, लिंबू होतं. त्याच्या शेजारी नाचणीची एक भाकरी, माठाची भाजी आणि काकडीचे चार काप. बाजूला काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या. पानावर भाजी आधी लागेल अशी, हाताशी ठेवली होती. भाकरी मागे.

मला ते पान ओळखीचं वाटलं. रोज वर येणारं माझं ताट तसंच वाढलेलं असायचं.

आम्ही दोघी चालत परत आलो. तिने दिवसभर काही खाल्लेलं नव्हतं. घरी येऊन पायरीवर बसली, बोट टोचलं आणि मशीन माझ्याकडे धरलं. आकडा नेहमीपेक्षा पुष्कळ वर होता. "बघ. पोटात काय न्हाई, तरी चढती. दर अवसंला. ही कशानं?"

"काळजीने पण वाढते, नानी."

तिने विचार केला. "काळजी म्होरल्याची अस्ती," ती म्हणाली. "ही मागली हाय."

आशाबद्दल तिने मला नंतर सांगितलं, एका दमात नाही. पावटे सोलताना थोडं, कपडे वाळत घालताना थोडं. पंधराव्या वर्षी आशाला माझ्यासारखीच शुगर निघाली. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचे, घरात फ्रिज नव्हता. पुढे धरणापलीकडच्या गावातून स्थळ आलं. घर चांगलं होतं. सांगितलं असतं तर मोडलं असतं. नानीनेच मुलीला बजावलं, न्हाणीत जाऊन टोचायचं, कुणाला दावायचं न्हाई. मेतकुटाच्या डब्यात तळाशी बाटली घालून ती लेकीला पोचती करायची.

"नवी सून सगळ्यांच्या मागनं जेवती," नानी म्हणाली. "तिनं आधी टोचलेलं असायचं. गडीमाणसं जेवायची, सासू जेवायची, आन् ही चुलीपाशी थरथरतीया. बरळायची. एकदा सासऱ्याच्या हातातला तांब्या उडवला. सासू म्हनाली, अंगात वारं हाय. देवऋषी आणला. त्यानं तिला उपाशी ठेवली."

आशाला त्या थरथरण्याची इतकी भीती बसली की तिने औषध निम्मं केलं, मग बंद केलं. मग तहान लागायला लागली. माठच्या माठ पाणी. पोटात काही ठरेना. माणसाला एवढी तहान लागत नाही, आतलं पाणी मागतंय, असं सासरचे म्हणाले. निरोप आला तशी नानी गेली.

"मी दुपारी पोचले. बघताक्षणी मला कळलं. तिच्या तोंडाला वास येत हुता, सडक्या फळावानी. आन् सासू माझ्या म्होरं बसलेली. आता बोलले तर म्हनतील, फसवलं. पोरीला परत धाडतील." तिने ओला टॉवेल झटकला, पुन्हा झटकला. "सांज हुस्तवर मी बोलले न्हाई. दिवेलागणीला जावयाला बाजूला घेऊन सांगितलं. मग जीप केली. तिकाटण्यापत्तूर आलो."

तेव्हापासून नानीच्या घरात सुनेला आधी वाढलं जातं. वहिनींना याचं कारण माहीत नव्हतं. सासूची माया आहे असं त्या समजायच्या, आणि तेही खोटं नव्हतं. नानीने आणि तिच्या नवऱ्याने मिळून आशाचा आजार जसा तिच्या हयातीत झाकला, तसा नंतरही झाकलेलाच राहिला; मुलगा तेव्हा लहान होता, आणि जावयाने कधी तोंड उघडलं नाही. नवरा गेल्यावर तो एकट्या नानीपाशी उरला. गावाने आशाला भूत केलं, आणि नानीने त्या भुताला भात वर्ज्य केला. आधी ती तिथे तांदळाची भाकरी ठेवायची. स्वतःला शुगर झाली, मशीन आलं, मोजायला लागली, तेव्हापासून नाचणीची.

मला सांगायला हवं की हे ऐकल्यावर मला त्या घरात जेवणं सोपं राहिलं नाही. ताट समोर आलं की वाटायचं, हे एकटीसाठी वाढलेलं नाही. नानी कधी कधी मला "आशे" म्हणून हाक मारायची आणि तिच्या लक्षातही यायचं नाही. मी ओ द्यायचे. तिकाटण्यावर रिक्षाची वाट बघताना मी खांबाकडे पाठ करून उभी राहायचे, आणि मग पाठ केली म्हणून मला लाज वाटायची.

आईचा फोन आला की मी गच्चीवर जायचे. तिने शेजारच्याच नांदे गावातलं एक स्थळ काढलं होतं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, घरची जमीन, नवा फ्लॅट. "सगळं ठरेपर्यंत एक शब्द नको," आई म्हणत होती. फोन ठेवून वळले तर नानी चादरीवरचे पापड गोळा करत होती.

"तुझी आई बी तेच सांगती?"

"हो."

ती बराच वेळ पापड एकावर एक रचत राहिली. "मला एकदा बोलायचंय," ती म्हणाली. "समद्यांम्होरं. की माझी पोरगी भूत न्हाई. तिकाटण्यावर जाऊन आले की दरवक्ती ठरवती. आन् मग कुणीतरी चहा घ्या म्हनतं, आन् मी चहा घेती."

तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आईचं ऐकून तू लपवू नकोस, असंही म्हणाली नाही. पुढे कोर्स संपला, मला महाळुंग्याजवळ नोकरी लागली आणि मी खोली सोडली. निघताना तिने नाचणीचं पीठ बांधून दिलं आणि माझ्या हातातली पिशवी धरून फाटकापर्यंत आली. "दुपारचं जेवण चुकवू नको. कामं ऱ्हातील, त्यांना काय हुतंय." नंतर फोनवर ती आधी माझी शुगर विचारायची, मग माझी तब्येत, तिला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटायच्या.

गेल्या हिवाळ्यात रूपालीवहिनींचा फोन आला. नानी सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसल्या त्या बसल्याच, म्हणाल्या. डॉक्टरांनी हृदय सांगितलं.

तेराव्याला मी गेले. पुरुष पुढे मांडवात आणि बायका मागच्या अंगणात बसल्या होत्या. पंगत उठून भांडी व्हायची होती. नानीची धाकटी जाऊ बायजाकाकी भिंतीला टेकून बोलत होती आणि बाकीच्या ऐकत होत्या. वहिनी तिच्या पायाशी बसल्या होत्या, मान खाली.

"अवसच्या दुसऱ्या दिवशी गेली नानी," बायजाकाकी म्हणाली. "आशीनं आईला नेलं. येवढी वर्सं निवद देऊन बी नेलं. आता ती सुनंला धरणार."

"मग वं?" कुणीतरी विचारलं.

"मग काय. भावजींच्या पोराशी, हिच्या नवऱ्याशी, बोलणं झालंय माझं. येत्या अवसंला देवऋषी बोलवायचा. तिकाटण्यावर खिळा मारून तिला बांधून टाकायची. रस्ता बी मोकळा हुईल पोरासोरांना. व्हय का न्हाई गं रूपाली?"

वहिनींच्या हाताला राख लागली होती, ती त्या बोटाने खरवडत होत्या. त्या घाबरलेल्या होत्या. खिळ्याला हो म्हणतील, हे दिसत होतं.

मी दाराच्या उंबऱ्याशी बसले होते. आशाला काय झालं होतं हे त्या अंगणात, त्या गावात आता फक्त मला माहीत होतं. आणि ते कसं माहीत, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं. मधे थंडावलेलं नांद्याचं स्थळ आईने पुन्हा उकरलं होतं; पुढच्या रविवारी बोलणी ठरली होती. समोर बसलेल्यांपैकी दोघींची माहेरं नांद्याची होती. या अंगणातलं बोलणं तिथे जायला दुसरा दिवस उजाडावा लागत नाही, एवढं मी दोन वर्षांत शिकले होते. मी वाक्य मनात मांडायला घेतलं, इंग्रजीत, सवयीप्रमाणे. बायजाकाकी खिळा कुठल्या लोहाराकडून घ्यायचा ते सांगत होती. कुणीतरी आतून चहाचा ट्रे आणला. माझ्यासमोर कप आला.

मी तो घेतला नाही.

"आशाला बाहेरचं काही नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तिला शुगर होती. नानींनीच मला सांगितलं. औषध बंद झालं म्हणून ती गेली."

वहिनींनी मान वर केली. बायजाकाकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, भाडेकरूकडे बघतात तसं.

"तू हितं परवा आलीस. थरथरायची, बरळायची, घागरीनं पाणी प्यायची पोरगी. तिच्या सासरी जाऊन मी डोळ्यानं बघितलीय. तुला काय ठावं त्यातलं?"

"मला तीच शुगर आहे, काकी," मी म्हणाले. "सात वर्षांची होते तेव्हापासून. मी पण थरथरते. मी पण बरळते, याच ओट्यावर बरळलेय. माझ्या अंगात कुणी येत नाही. माझी साखर कमी होते."